आठ पूर्णांक दोन

ज्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेला जुळं झालं आणि पाळणा एकच असल्यामुळे दोघी पोरींना एकमेकींच्या पायांशी डोकं करून झोपवावं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. शहराचं सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात ऑपरेटर म्हणून माझी सहा महिन्यांची उमेदवारी चालू होती. त्यातले साडेपाच महिने सरले होते. त्याआधी बारा वर्षं मी त्याच केंद्रात, पाणी जिथून आत येतं तिथल्या जाळीवरचा कचरा दाताळ्याने ओढायचे. चिंध्या, पिशव्या, चपला, एकदा तर कुणाची कवळी. उमेदवारी फसली तर दाताळं वाट बघत होतंच.

हे ऑपरेटरचं काम मला मामांनी शिकवलं. सगळं केंद्र त्यांना मामा म्हणायचं, पण माझ्या नवऱ्याचे ते सख्खे मामा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हवेच्या टाकीच्या कठड्याशी उभं केलं आणि म्हणाले, "सूनबाई, ही टाकी नाही, हा गोठा आहे. जनावरं दिसत नाहीत एवढंच. चारा सगळं शहर घालतंय. आपण फक्त हवा घालायची."

तसंच होतं ते. टाकीतला तांबूस गाळ म्हणजे कोट्यवधी जंतू. पाण्यातली घाण तेच खातात. खायला त्यांना श्वास लागतो, म्हणून ब्लोअर तळातून हवा सोडतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे वर येत राहतात. पाण्यात विरघळलेली हवा लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायची. एकच्या खाली गेली की गाळ गुदमरतो. चार-पाचवर गेली की घुसळून घुसळून त्याचा भुगा होतो, मग तो खाली बसत नाही आणि पाणी गढूळच बाहेर पडतं. कमी वाईट आणि जास्तही वाईट. मामा हे सगळं नाकाने ठरवत. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि सांगायचे, "वाढव थोडी." नाहीतर, "पुरे." मागाहून प्रयोगशाळेतली ताई बाटलीत पाणी घेऊन तपासायची, तेव्हा मामांचंच बरोबर निघायचं. किती साहेब आले आणि गेले, मामांच्या नाकाला कुणी आव्हान दिलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी केबिनमध्ये आकडे दाखवणारं पॅनेल आलं होतं. टाकीत एक काळी नळी सोडलेली असे, तिच्या टोकाला हवा मोजणारी कांडी. आम्ही तिला जीभ म्हणायचो. जीभ पाणी चाखून पॅनेलला आकडा कळवी, आणि पॅनेल 'ऑटो'वर असलं की आपोआप ब्लोअर कमी-जास्त करी. माणसाने केबिनमध्ये बसून फक्त आकडा वहीत उतरवायचा; रात्री तर केंद्र पॅनेलवरच सोडत. मामा म्हणायचे, उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली.

जिभेवर चिकट थर बसतो, म्हणून दर शनिवारी ती धुवायची. आधी पॅनेल 'हाताने' वर करायचं, म्हणजे ब्लोअर आहे तसा चालत राहतो. मग जीभ बाहेर काढून मऊ फडक्याने पुसायची, कठड्यावर वाऱ्याला धरायची. मोकळ्या हवेत तिने आठ पूर्णांक दोन दाखवलं की ती ठीक आहे असं समजायचं. मग पाण्यात सोडायची आणि शेवटी पॅनेल पुन्हा 'ऑटो'वर.

त्या शनिवारी दुपारी मी जीभ पुसली, कठड्यावर लटकवली, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "ओ बाई! घरून फोन! तुमच्या नणंदेला दवाखान्यात नेलं!"

दिवस अजून भरले नव्हते. माझी कामाची पाळीही संपतच आली होती. मी धावत केबिनमध्ये गेले, पिशवी उचलली आणि जाता जाता, सवयीच्या हाताने, पॅनेल 'ऑटो'वर केलं.

मी सगळंच विसरले असते तरी काही बिघडलं नसतं. मी नेमकं अर्धं लक्षात ठेवलं, तेही नको ते. जीभ कठड्यावर वाऱ्यात लटकत राहिली आणि पॅनेलला सांगत राहिली, आठ पूर्णांक दोन, आठ पूर्णांक दोन. पॅनेलला वाटलं, टाकीत हवा उतू चाललीय. त्याने ब्लोअर जितका कमी करता येईल तितका कमी केला.

सोमवारी सकाळी सातला मी परत आले, तेव्हा फाटकाशीच सडक्या अंड्यांचा वास नाकात शिरला. टाकीपाशी जाऊन बघते तर तांबूस रंग गेला होता आणि चुलीतल्या ओल्या राखेसारखं काळपट पाणी जागच्या जागी हलत होतं. पलीकडच्या टोकाला, कठड्यावर, माझी जीभ कोरडी ठाक लटकत होती. तिच्यावर एक चतुर बसला होता.

विचार करायला वेळ नव्हता. मी ती पाण्यात सोडली. पॅनेलवरचा आकडा धाडकन शून्याच्या जवळ आला आणि ब्लोअर ओरडत वर चढला. तेव्हा घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

साडेआठला साहेब आले. तिशीतले, हुशार, माणूसही बरा. त्यांनी ताईला आणि मामांना बोलावून घेतलं आणि पॅनेलवरची रेघ बोटाने दाखवली.

"शनिवारी दुपारपासून आठ पूर्णांक दोन. चालत्या टाकीत इतकी हवा राहतेच कशी? राहते, जेव्हा खाणारं कुणी उरत नाही तेव्हा. गाळ मेलाय. शनिवारी कुणीतरी गटारात विष सोडलं, गाळ मेला, हवा उरली. आणि आज सकाळी मेलेला गाळ सडायला लागला, म्हणून शून्य."

"मग आता?" ताईने विचारलं.

"मेलेला गाळ ठेवून काय लोणचं घालायचं? अकरा वाजता टाकी रिकामी करायला घेऊ. दुसऱ्या गावाहून टँकरने गाळ आणायचा, वाढवायचा. पंधरा-वीस दिवस या टाकीचं पाणी सरळ नदीत."

खाली आठ किलोमीटरवर एका गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीच्या पात्रातच होती. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. जीभ आता पाण्यात होती, चतुर उडून गेला होता, कुणी पाहिलं नव्हतं. पण गुदमरलेला गाळ आणि मेलेला गाळ यांत फरक असतो. गुदमरलेल्याला उठवता येतं. तो कुणी जिवंतच उपसून टाकणार असेल, तर गप्प कसं बसायचं?

"साहेब, विष नाही आलं," मी म्हणाले. "जीभ शनिवारपासून कठड्यावर होती. मी विसरले. सात दहाला मी ती पाण्यात सोडली."

साहेबांनी पॅनेलची नोंद उघडली. "शनिवारी दोन चाळीसला तुम्हीच 'ऑटो' केलंय. जीभ आत सोडल्याशिवाय कुणी 'ऑटो' करतं का?"

"मी केलं."

"बाई, दोन रात्री तुम्ही दवाखान्यात जागलात. आज सकाळी घाण पुसायला जीभ काढली असेल, आता डोक्यात गोंधळ होतोय." ते मामांकडे वळले. "मामा, रविवारी दिवसभर तुम्ही होतात. टाकी शनिवारपासून गुदमरत असती तर रविवारी वास सुटला असता की नाही?"

मामा वहीकडे बघत होते. वहीत त्यांच्याच अक्षरात रविवारची नोंद होती: 'हवा ८.२. वास नाही.'

"रविवारी वास नव्हता," मामा म्हणाले.

"संपलं," साहेब म्हणाले. "तुमची आठवण चुकेल बाई, मामांचं नाक नाही चुकायचं."

मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून चूक कबूल केली होती, आणि ती कुणी घ्यायला तयार नव्हतं.

मामा ब्लोअरच्या शेडकडे निघाले. मी मागे गेले. तिथे इतका आवाज होता की ओरडूनच बोलावं लागायचं, पण निदान बाहेर कुणाला ऐकू जात नव्हतं.

"मामा, आता या क्षणी कसला वास येतोय?"

"कसला म्हणजे? घाणीचा."

"कुठली घाण?"

मी कोपऱ्यातलं यंत्राच्या तेलाचं फडकं उचलून त्यांच्या नाकापुढे धरलं. उग्र वासाने माझेच डोळे चुरचुरत होते. मामा शांत उभे होते.

"कधीपासून?"

"हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून." त्यांनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि उगाच हात पुसले. "कांदा चिरला तरी कळत नाही. घरी फोडणी जळते, तुझी मामी ओरडते तेव्हा कळतं."

"मग इतके दिवस तुम्ही टाकीवर उभं राहून सांगायचात ते?"

"आधी पॅनेलवरचा आकडा बघून यायचो," मामा म्हणाले. "मग डोळे मिटायचे."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"मामा, साहेबांना सांगा."

"आठ महिने राहिलेत माझे. आठ महिने. सगळं केंद्र ज्या नाकाला मान देतंय ते नाकच नाही, हे सांगून बाहेर पडू? शिपायापासून सगळे म्हणतील, म्हाताऱ्याने नाकाने कांदे सोलले."

"आणि टाकी?"

"तू सांग हवं तर. माझी ना नाही."

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "माझं मी सांगून झालं. तुमचं तुम्ही. पण अकरापर्यंत मी हात बांधून बसायची नाही."

तिथून मी थेट प्रयोगशाळेत गेले. ताई वयाने माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. पण मला अक्षरं तिनेच शिकवली होती, दुपारच्या सुट्टीत, जुन्या तपासणीच्या कागदांच्या पाठीवर, म्हणून ती ताई.

"ताई, मेलेला गाळ हवा खात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि जिवंत खातो. मग त्याला हवा देऊन बघू की, खातो का ते."

ताईने चष्मा कपाळावर सरकवला. "हे मला सुचायला हवं होतं. आण बादली."

टाकीतून बादलीभर गाळ आणला. आपल्याकडे माशांच्या काचपेटीला लावतात तसला छोटा पंप ताईकडे होता, तो त्यात सोडला. थोडं ताजं सांडपाणी घातलं, कारण उपाशी जनावर उठत नाही. वीस मिनिटं बुडबुडे सोडून पंप बंद केला आणि पहिली बाटली भरली. दुसरी अर्ध्या तासाने भरायची. बाटलीत दोन औषधांचे थेंब टाकतात. पाण्यात हवा असेल तर तळाशी बसणारा साका तपकिरी होतो, नसेल तर पांढरा. हे मला अक्षरं येण्याच्या आधीपासून वाचता येत होतं.

ताईने साहेबांना बोलावून आणलं. ते घड्याळ बघत उभे राहिले. पहिली बाटली गडद तपकिरी झाली होती. पावणेअकराला ताईने दुसरीत थेंब टाकले.

मला पांढरा रंग हवा होता. साका फिक्कट तपकिरी झाला.

"थोडी खाल्लीय," ताई म्हणाली. "जिवंत आहे."

"थोडी," साहेब म्हणाले. "मोजण्यातली चूकही असू शकते. किंवा अर्धा गाळ मेलाय. ताई, वरच्या कार्यालयाला मी अकराची वेळ दिलीय. फिक्कट रंगावर मी अख्खं शहर टांगून ठेवू?"

"रंग टांगून ठेवायचा नाही, गाळ ठेवायचा आहे," मी म्हणाले. "चार दिवस द्या. नाही उठला तर मीच उपसते, माझ्या दाताळ्याने."

"बाई, तुमची जिद्द मला कळते. पण रविवारचं काय? वास का नाही आला?"

"कारण माझं नाक गेलंय," दारातून आवाज आला.

मामा उंबऱ्यात उभे होते, बगलेत नोंदवही.

"सहा महिने झाले साहेब. रविवारी टाकीला वास होता की नव्हता ते मला माहीत नाही. 'वास नाही' हे मी केबिनमध्ये बसून, हवा भरपूर दिसली म्हणून लिहिलं; गुडघ्यांमुळे टाकीवर गेलोच नाही. ती ओळ खोडायला आलोय."

ताईच्या तोंडून निसटलं, "अगं बाई! आणि आम्ही म्हणायचो, मामांचं नाक आणि पॅनेल किती जुळतं!"

मामा टेबलाशी आले. त्यांनी रविवारची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'मला वास येत नाही. नोंद धरू नये.' सही केली. मग पेन माझ्याकडे सरकवलं. मी शनिवारच्या पानावर, वेळ लावून, एकेक अक्षर काढत लिहिलं, 'जीभ पाण्यात न सोडता पॅनेल ऑटो केलं.' ऑटोचा ऑ काढताना पेन कागदात रुतलं.

साहेबांनी दोन्ही ओळी वाचल्या. चेहरा लाल झाला होता. "एकाला वास येत नाही, दुसरीला आठवत नाही. आणि मी तुमच्या भरवशावर शहर चालवतोय." मग त्यांनी दुसरी बाटली उचलून उजेडात धरली. "चार दिवस. पाचव्या दिवशी पांढरी बाटली दिसली नाही तर उपसा. काय करायचं ते सांगा, आणि पटपट सांगा."

पुढचं काम अवघड नव्हतं, चिकाटीचं होतं. केंद्रात हवेच्या टाक्या दोन. पहिल्या, म्हणजे आमच्या गुदमरलेल्या टाकीत येणारं पाणी एक तृतीयांशावर आणलं, बाकीचं दुसऱ्या टाकीत आणि साठवणीच्या तळ्यात वळवलं; पहिलीतून निघणारं पाणीही नदीत न सोडता तळ्यातच घेतलं. दुसऱ्या टाकीचा ब्लोअर जुना, हाताने चालणारा, म्हणून तिचा गाळ ठणठणीत होता. त्यातला गाळ पंपाने दिवसभर पहिलीत ओढला, विरजण लावावं तसा. पॅनेल मी 'हाताने' वर ठेवलं. दर तासाला बाटली भरायची, हवा बघायची, ब्लोअर एक खूण इकडे किंवा तिकडे.

मामा रोज माझ्याजवळ खुर्ची टाकून बसत. गुडघे दुखायचे त्यांचे.

"बोल, कसला वास?"

"सडकी अंडी."

"कालच्यापेक्षा?"

"कमी. त्यात काहीतरी आंबट आहे."

"आंबट म्हणजे चांगलं. नाक तुझं, अक्कल माझी. हवा आहे तशी ठेव."

चौथ्या दिवशी बादलीतल्या गाळाने अर्ध्या तासात सगळी हवा संपवली. दुसऱ्या बाटलीतला साका पांढरा शुभ्र बसला. ताईने बाटली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पण सहाव्या दिवशी मीच घाई केली. गाळ उठलाय, आता त्याला भरपूर देऊ, म्हणून ब्लोअर चढवला. हवा पाचवर गेली. दुपारपर्यंत गाळाचा भुगा झाला आणि निवळणीच्या टाकीतून पाणी गढूळ जायला लागलं.

"आजाऱ्याला पंगतीला बसवतेस?" मामा खुर्चीतूनच कडाडले. "उतर! दोनवर उतर! दोन म्हणजे दोन!"

मी उतरवला. तीन दिवस वाया गेले. त्या दिवसांत नवरा फाटकाशी डबा घेऊन यायचा आणि म्हणायचा, "घरी एक बाळंतीण आहे, इथे दुसरी. मी कुणाकडे बघू?" मी डबा घ्यायचे आणि परत फिरायचे.

तेराव्या दिवशी सकाळी मी कठड्याशी उभी राहिले, तर नाकाला वेगळंच काहीतरी लागलं. मी पुन्हा श्वास घेतला.

"मामा, ओल्या मातीचा वास येतोय."

मामांनी सवयीने डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि उघडले. "नक्की?"

"नांगरलेल्या मातीचा. अगदी तसाच."

"मग झालं," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तोच. तीस वर्षं तोच घ्यायचो मी."

एकोणिसाव्या दिवशी बाहेर जाणारं पाणी सगळ्या तपासण्यांत बसलं आणि टाकीला पुन्हा पूर्ण शहर जोडलं. रिकामी ती करावी लागली नाही. नदीतही या टाकीतून शुद्ध न केलेलं पाणी गेलं नाही. फक्त शनिवार-रविवारचं जे गेलं ते गेलं, आणि ते माझ्या नावावर आहे.

साहेबांनी माझी उमेदवारी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू केली, सहा महिने. मी ती पुरी केली आणि पुढे एकवीस वर्षं त्या टाकीवर काढली. मामांना त्यांनी हलवलं नाही. फक्त नोंदवहीत 'वास' असा एक रकाना वाढवला आणि नियम केला, की पाळीवरच्या माणसाने टाकीला पूर्ण फेरी मारून तो स्वतः भरायचा, पॅनेल बघायच्या आधी. मामांच्या पाळीत तो रकाना भरायला मी किंवा ताई जायचो. आम्ही सांगायचो आणि ते लिहायचे, सुवाच्य अक्षरात, कुणाचं नाक ते कंसात टाकून.

मामा ठरल्याप्रमाणे आठ महिन्यांनी निवृत्त झाले. त्यानंतर तिसऱ्या वर्षी, जून महिन्याच्या चौदा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास, झोपेतच ते वारले. त्यांचं वय त्रेसष्ट होतं.